अंगावरचे दूध सोडवल्यावर आईच्या शरीरात काय बदलते?

बाळाचे दूध सोडवायचे ठरले की घरात सगळी चर्चा बाळाचीच होते. रात्री रडेल का, वाटीने दूध पिईल का, छातीला कडुनिंब लावायचा की कोरफड! त्याच दिवसांत आईच्या अंगात काय चालले आहे, हे फारसे कुणी विचारत नाही. म्हणून आज आम्ही तिच्याबद्दल लिहीत आहोत.

सूरह बकराच्या 233 व्या आयतीत, दूध पाजण्याची मुदत पूर्ण करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन वर्षे सांगितली आहेत. त्याआधी सोडवायचे असेल तर आईवडिलांनी एकमेकांच्या संमतीने आणि सल्ल्याने ठरवावे, त्यात गुनाह नाही, हेही त्याच आयतीत आहे. म्हणजे हा निर्णय एकट्या सासूचा किंवा नवऱ्याचा नाही. आईचे मत त्यात हवेच.

दूध मागणीप्रमाणे बनते. बाळ जितके ओढते तितके तयार होते, साचून राहिले की बनणे मंदावते. एकदम बंद केले तर छाती दगडासारखी गच्च होते, ठणकते. त्यामुळे एक वेळ कमी करावी, काही दिवस थांबावे, मग दुसरी. रात्रीची वेळ बहुतेक शेवटी सुटते. फार ताण आला तर बरे वाटेल इतकेच दूध हाताने काढावे. पूर्ण रिकामे केले तर पुन्हा भरते. थंड कापड ठेवले की आराम पडतो. ओढणीने छाती आवळून बांधणे आणि आईचे पाणी तोडणे, हे दोन्ही जुने उपाय सोडा. आवळल्याने दूध अडकून गाठी होतात, आणि पाणी तोडून फक्त तिचे हाल होतात. दूध सुकवायच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

ताप, थंडी आणि छातीवर लाल गरम चट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. एखादी गाठ दोन आठवड्यांतही विरली नाही किंवा बोंडातून रक्त आले, तर ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून बसून राहू नये. लाजेपोटी उशीर होतो, तो महागात पडतो. दाबल्यावर कित्येक महिने दुधाचा थेंब येणे मात्र साधी गोष्ट आहे. छाती लहान, सैल वाटणेही साधेच.

मनाचे काय? दूध पाजताना शरीरात प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही हार्मोन्स जास्त असतात. ती उतरली की काही बायांना उगाच रडू येते, झोप लागत नाही, बाळ दुरावले असे वाटते. याला नजर लागली म्हणू नये, इमान कमजोर झाले असेही म्हणू नये. बहुतेकींचे काही आठवड्यांत आपोआप निवळते. दोन आठवड्यांहून जास्त उदासी राहिली तर डॉक्टरांना दाखवा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नका. दुआ करावी, इलाजही करावा.

पाळी थांबलेली असेल तर ती परत येते. पण पाळी येण्याआधीच बीज सुटते, त्यामुळे एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. ‘दूध पाजतेय, काही होत नाही’ हा भरवसा मुळातच थोड्या काळाचा आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतले, फक्त अंगावरच्या दुधावर, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही अटी असतील तेव्हाच. दूध सोडवल्यावर तो उरत नाही. पुढच्या मुलात अंतर हवे असेल तर आधीच सल्ला घ्यावा.

दूध बनवायला रोज साधारण 500 कॅलरी लागत होत्या. आता तितकी भूक नसते, पण खाण्याची सवय राहते आणि वजन चढते. उलट, पाजताना हाडांतून कमी झालेले कॅल्शियम पुढच्या काही महिन्यांत बहुतेक भरून येते. दूध, दही, नाचणी, मासे ताटात असू द्या.

गेल्या रमजानमध्ये पाजत असल्यामुळे सोडलेले रोजे आता कजा करता येतात. छाती ठणकत असेल तर तेवढे दिवस जाऊ द्यावेत. हनफी मसलकात फक्त कजा आहे. शाफई मसलकात, जो आपल्या कोकणात आहे, केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल तर सोबत फिदियाही येतो. आपल्या मशिदीतल्या आलिमांना एकदा विचारून घ्यावे.