वायद्याचे वर्ष : मुंबई, १८६५

वायदा या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. घरीदारी तो वचनाचा वाचक आहे आणि बाजारपेठेत पुढल्या तारखेस पुऱ्या करावयाच्या सौद्याचा. १ जुलै १८६५ या दिवशी मुंबई शहरात हे दोन्ही अर्थ एकदमच फसले आणि ज्यांच्या हुंडीवर काल डोळे मिटून पैसा मिळत होता, त्यांच्या पेढ्यांच्या पायऱ्यांवर तगादेदार येऊन बसले.

या अनर्थाचे बीज मात्र सातासमुद्रांपलीकडे पडले होते. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण प्रांतांत यादवी जुंपली, दक्षिणेकडील बंदरे नाकेबंदीत सापडली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून ओस पडू लागल्या, तेव्हा त्या गिरण्यांचे मालक गुजरात, खानदेश आणि वऱ्हाड या मुलखांतील काळ्या जमिनीकडे आशेने पाहू लागले. भाव चौपटीच्या घरात चढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, ही त्या वेळची गोष्ट पुढे कितीतरी वर्षे मुंबईत सांगितली जात असे. चारपाच वर्षांत नेहमीच्या किमतीहून सुमारे आठ कोटी पौंडांचे जादा द्रव्य या बेटावर उतरले. पण ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न उद्भवला आणि त्याचे उत्तर म्हणून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांप्रमाणे उगवल्या. बॅक बेच्या भरणीसाठी निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला, आणि जी जमीन अद्याप भरतीच्या पाण्याखाली होती तिच्या आशेवर माणसे लक्षाधीश म्हणवून घेऊ लागली.

हा सारा व्यवहार होई तो टाउन हॉलसमोरच्या झाडांच्या सावलीत. दलालांना ना कचेरी होती ना गादी; उभ्याउभ्या बोली व्हायची, शब्दावर सौदा ठरायचा आणि वहीत टिपण व्हायचे. त्या दलालांपैकीच एक, प्रेमचंद रायचंद, यांच्या मुखातून निघालेला शब्द म्हणजे तारण, अशी त्या काळची समजूत होती; बाँबे बँकेसारखी सरकारचा हिस्सा असलेली पेढीही त्या शब्दावर कर्जे देत सुटली होती.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ती वार्ता मुंबईत पोचताच कापूस कोसळला, कापसामागोमाग शेअर कोसळले, आणि १ जुलैच्या मुदतीचे वायदे पुरे करण्यास फारच थोड्यांपाशी पैसा उरला. दिवाळ्यांची संख्या इतकी वाढली की त्यांच्या निकालासाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या, जुने शिलालेख वाचण्यात आयुष्य वेचणाऱ्या विद्वानाचीही मिळकत या वावटळीत गेली. १८६४ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांजवळ पोचलेले शहर १८७२ मध्ये साडेसहा लाखांच्याही आत आले.

त्या जुलैची अखेरही शोकाची ठरली. शाळा, रेल्वे, बाँबे असोसिएशन अशा प्रत्येक सार्वजनिक कार्यात ज्यांचा हात होता, ते जगन्नाथ शंकरशेट ३१ जुलैला निवर्तले. तथापि याच वर्षी नव्या कायद्यान्वये मुंबईच्या नगरपालिकेचा कारभार एका कमिशनराच्या हाती आला. आर्थर क्रॉफर्ड हा पहिला कमिशनर. त्याने रस्ते, गटारे आणि मंडई यांवर एवढा सढळ खर्च केला की पुढे करदात्यांनी त्याविरुद्धच ओरड केली. पण लोकांच्या तिजोऱ्या रित्या होत असताना शहराला वळण लागत होते, हेही खरे. प्रेमचंदांनी भरभराटीत असताना आपल्या मातोश्रींच्या नावे विद्यापीठाला दिलेले द्रव्य देऊन झाले होते म्हणूनच वाचले, आणि त्यातून १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला.

आणि झाडाखालचे ते दलाल? ते काही दिवस पांगले, पुन्हा जमले, आणि अखेर आज ज्याला दलाल स्ट्रीट म्हणतात त्या गल्लीत स्थिरावले. ९ जुलै १८७५ रोजी, म्हणजे त्या फसलेल्या वायद्याला दहा वर्षे उलटून गेल्यावर, त्यांनी आपला रीतसर संघ स्थापला. सभासद झाले ३१८. आणि ज्या धंद्यात एका शेअरला एके काळी पन्नास हजार मोजले गेले होते, त्यात शिरण्यासाठी त्यांनी जी प्रवेश फी ठरवली, ती होती एक रुपया.