घरवापराचे लुगडे

महाराष्ट्रातील वस्त्रांविषयी लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा पैठणीपाशी जाऊन थांबते, आणि पैठणीचे तेज पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु पैठणी ही पेटीत राहणारी वस्तू, लग्नमुंजीपुरती आणि सणावारापुरती बाहेर निघणारी. उरलेल्या साऱ्या वर्षात चाळिशीकडे झुकलेली, दोन-चार बाळंतपणे होऊन अंगाने भरलेली, लेकीसुनांचे आणि गोठ्याचे करणारी गृहिणी जे नेसून पहाटे सडा घालीत असे आणि जे नेसूनच तिन्हीसांजेला देवळाच्या पायऱ्या चढत असे, त्या घरवापराच्या लुगड्याला इतिहासाच्या दप्तरात फारशी जागा मिळालेली नाही. मला हा अन्याय वाटतो. दख्खनच्या विणकरांनी आपले कौशल्य भरजरी पदरांत दाखविले हे खरे. पण आपली अक्कल त्यांनी खर्च केली ती या सुती लुगड्यात, कारण त्याचे गिऱ्हाईक अतिशय चोखंदळ होते, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे संसारात मुरलेली प्रौढ स्त्री.

लुगड्याला माप असे ते कापडाचे, नेसणारीच्या शरीराचे नव्हे. लांबी हातांत किंवा वारांत मोजावयाची, रुंदी म्हणजे पन्हा पाहावयाचा, आणि उंच बाईने मोठा पन्हा मागावा, ठेंगण्या बाईने आठवारीवर भागवावे, एवढाच काय तो तपशील दुकानदाराला सांगावा लागे. नऊ वार म्हणजे आजच्या हिशेबाने सव्वाआठ मीटर कापड. ते कमरेभोवती घेऊन गाठ मारली, निऱ्या पोटाशी खोचल्या, काष्टा मागे नेला आणि पदर खांद्यावरून घेतला, की विसाव्या वर्षीच्या सडपातळ अंगाला जे लुगडे बसत होते तेच पंचेचाळिसाव्या वर्षीच्या भरलेल्या अंगालाही बसे. फरक पडे तो निऱ्यांच्या संख्येत. गरोदरपणात गाठ सैल होई, दुखण्यातून उठल्यावर घट्ट होई. खणाच्या चोळीचीही तीच रीत होती, कारण ती पुढे गाठीची असे, आणि गाठ ही ज्या दिवशी जशी हवी तशी मारता येते. कनवटीला पैसे, ओच्यात भाजी किंवा फुले, डोक्यावर उन्हासाठी पदर, अशी त्या एका वस्त्राची कामे मोजू लागलो तर त्यात खिसा, पिशवी आणि छत्री या तिन्ही वस्तू सामावलेल्या आढळतात. वय वाढले म्हणून वस्त्राने स्त्रीला नाकारले, असा प्रसंग या पद्धतीत येतच नव्हता.

या विचाराचे सर्वांत पक्के उदाहरण म्हणजे इरकली. इरकल, म्हणजे कागदोपत्रीचे इळकल, हे गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई इलाख्याच्या, पुढे मुंबई राज्याच्या, विजापूर जिल्ह्यात मोडत होते आणि आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पण तेथील मागांवर उतरलेला माल पिढ्यान्‌पिढ्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा या बाजूंच्या घरांत नेसला गेला. खड्ड्यात पाय सोडून बसावयाच्या मागावर तो विणला जाई. त्याचे अंग सुती, पदर रेशमी. ही वाटणी केवळ शोभेसाठी केलेली नाही. अंगाशी जो भाग लागतो, ज्यावर घाम येतो, जो धुण्याच्या दगडावर रोज आपटला जातो, तो सुताचा असावा. आणि जो भाग डोक्यावरून, खांद्यावरून चेहऱ्याच्या शेजारी येतो, ज्याची झाक मुखावर पडते, तो रेशमाचा असावा, म्हणजे खर्च नेमका जेथे दिसतो तेथेच होतो आणि टिकाऊपणा नेमका जेथे लागतो तेथे राहतो. मात्र सुताचा ताणा आणि रेशमाचा ताणा हे एकाच लुगड्यात सांधावयाचे कसे? त्यासाठी इरकलच्या विणकरांनी टोपतेणीची युक्ती वापरली: पदराचे उभे धागे वेगळे तयार करावयाचे आणि प्रत्येक लुगड्याच्या वेळी ते अंगाच्या उभ्या धाग्यांना फासांनी, एकेक करून, अडकवावयाचे. लाल पदरावर पांढरे शिखरासारखे टोप उभे राहतात ते या पद्धतीच्या पदरावर. हे काम मोठ्या चिकाटीचे असून घरातील बायका ते करीत. तेव्हा दुसऱ्या गावच्या बाईच्या मुखावर जी झाक पडे तिच्यामागे इरकलच्या बाईचीच बोटे असत.

काठाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. इरकलीचा किंवा नागपूरकडील करवतकाठी लुगड्याचा काठ अंगापेक्षा जाड विणीचा असतो, आणि त्या वजनामुळे निऱ्या सरळ खाली पडतात, कापड पोटाशी फुगत नाही, पावलाशी घोळ नीट राहतो. शरीर झाकून त्याला डौल देण्याचे काम पुढे शिंप्याच्या कात्रीकडे गेले, ते तेव्हा काठाच्या वजनाकडे होते. करवतकाठीच्या विणकराला त्यासाठी एका मागावर तीन धोटे चालवावे लागत, दोन काठांचे आणि एक अंगाचा, आणि प्रत्येक फेऱ्याला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात असा अडकवावा लागे की सांध्यावर करवतीचे दाते उमटावेत.

बाकीची गावे सर्वांना परिचित आहेत. महेश्वरला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी विणकरांना आश्रय दिला, आणि तेथील हलकी, दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या काठाची साडी माळव्यातून दक्षिणेत उतरली. मालेगावात उत्तर हिंदुस्थानातून १८५७ च्या धामधुमीनंतर आलेल्या मोमीन कुटुंबांनी महाराष्ट्राच्या बायकांची रंगीत लुगडी विणली. सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने तेच केले. गुळेदगुड्डचा खण तर चोळीपुरताच तुकडा म्हणून विणला जाई. धर्म, भाषा आणि प्रांत निरनिराळे असलेले हे सारे लोक एकाच गिऱ्हाइकाची आवड अचूक ओळखून होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ते गिऱ्हाईक माल पारखून घेई. कापडाला खळ किती दिली आहे हे ते दोन बोटांत चोळून पाहावयाचे, कारण खळीने विरळ वीण दाट भासते आणि पहिल्या धुण्यात उघडी पडते. रंग पक्का की कच्चा हे ओल्या बोटाने पाहावयाचे. मग उजेडात धरून पोत पाहावयाचा. ही परीक्षा सासूकडून सुनेकडे जाई. वर्षाकाठी रोजची दोन लुगडी मिळाली तर ते सुस्थितीचे लक्षण मानीत, आणि घरकामाच्या बाईच्या मोबदल्यात रोकड रकमेबरोबर लुगडे-चोळी धरलेली असे. एवढ्यावर वर्ष काढावयाचे म्हणजे कापड टिकलेच पाहिजे. विरलेल्या लुगड्याचे जुनेर बाळंतिणीच्या कामी येई, त्याची दुपटी होत, वाकळ शिवली जाई, आणि उरलेसुरले बोहारणीकडे जाऊन त्याचे भांडे घरात येई.

या चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. प्रौढ स्त्रीला वस्त्र सामावून घेत होते, पण समाज तिला सामावून घेत होताच असे नाही. चाळिशीच्या आतच सून घरात आलेल्या बाईने उजळ रंग नेसू नयेत, रुंद काठ सुनेसाठी सोडावा, अशी कुजबूज होत असे. आणि ब्राह्मणांच्या घरी नवरा गेला की केशवपन करून तिच्या अंगावर तांबडे आलवण चढे, मग इरकली नाही, चंद्रकळा नाही, खण नाही, रंगांची आणि काठांची ती सारी विद्या तिला बंद. १८९६ मध्ये महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा त्यांचे भांडण ज्या रूढीशी होते तिचे दृश्य रूप हे आलवणच होते. जुन्या लुगड्याचे गुण गाताना या स्त्रियांना विसरणे मला जमत नाही.

पुढे या लुगड्यासमोर गिरणी उभी राहिली. मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्याची खटपट कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये केली. १८७७ मध्ये नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. स्वस्त धोतरे, मांजरपाट, साधी लुगडी यांचा पूर आला, आणि याच काळात कृत्रिम अलिझरीनने आल वनस्पतीच्या मुळ्यांपासून निघणाऱ्या तांबड्या रंगाचा धंदा बसविला. तरीही रंगीत, काठापदराचे लुगडे हातमागावरच राहिले. गिरणीला एकाच नमुन्याचा मैलभर ताणा लावला तर परवडते. दर नऊ वारांनी पदर बदलावयाचा, काठ निराळ्या सुताचा, शेजारच्या तालुक्याची आवड पुन्हा वेगळी, हे तिच्या हिशेबात बसत नव्हते. म्हणून मी म्हणतो की गिरणीच्या लाटेत विणकराला ज्या स्त्रीने तगविले ती काठपदराचा हट्ट न सोडणारी गावोगावची गृहिणी होय. या उपकाराची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

बदल आला तो दुसऱ्या दिशेने. १८६४ च्या सुमारास सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईस आल्या आणि पारशी स्त्रियांची परकरावर गोल साडी नेसण्याची पद्धत पाहून त्यांनी ती बंगालमध्ये नेली. पुढे देशभर सुशिक्षित स्त्रीचा वेष म्हणून जी पाचवारी मान्य झाली तिचे एक मूळ असे आपल्याच मुंबईत आहे. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांतील मुलींनी ती आधी उचलली. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले, आणि ज्या घरी नऊ वार मिळणे दुरापास्त झाले तेथे पाच वारांची सोय पटू लागली. वयाच्या चाळिसाव्या वर्षी नऊवारी सोडून गोल पातळ नेसू लागलेल्या स्त्रियांची एक अख्खी पिढी त्यानंतर होऊन गेली. चालणे मोकळे झाले, धुणे हलके झाले, आगगाडीच्या डब्यात चढणे सोपे झाले, हे सारे खरे लाभ होते. मात्र गाठीच्या चोळीच्या जागी पोलके आले, मग झंपर आले, आणि झंपर शिंप्याच्या फितीने मोजलेले असते. स्त्रीच्या शरीराचा आकडा वहीत लिहिला जाण्यास येथून प्रारंभ झाला, आणि दर दोन वर्षांनी शिलाई उसवून शिवणीच्या मायेतले कापड सोडणे हे प्रौढ वयाचे एक नित्यकर्म होऊन बसले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने काही प्रकारचा काठापदराचा माल हातमागासाठी राखून ठेवला, आणि १९८५ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदाही केला. पण अंमल ढिला राहिला. इचलकरंजीस विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला होता, त्या यंत्रमागाने शतकाच्या उत्तरार्धात मालेगाव, भिवंडीसह सारा मुलूख व्यापला. नायलॉन आणि टेरीकॉट इस्त्री लागत नाही म्हणून नोकरदार स्त्रीला आवडले, आणि त्यात तिची चूक काय होती? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्याही उतरणीस लागल्या, त्यांच्याबरोबर मध्यमवर्गाच्या भरवशाची स्वच्छ सुती वायलही दुर्मिळ होत गेली. हातमाग जगला तो लग्नाच्या आणि सणाच्या साडीवर. व्यापाराची नजर नवरीकडे वळली, आणि रोजचे कापड घेणाऱ्या प्रौढ स्त्रीसाठी उरले ते एक तर कृत्रिम धाग्याचे स्वस्त पातळ किंवा तरुण मुलीचा बांधा धरून ठरविलेल्या मापांचा तयार पोशाख, ज्यात खांदा बसला तर पोटाशी ओढते आणि पोटाशी बसला तर खांदा उतरतो. दुकानात ती स्वतःच्या शरीराला दोष देताना मी पुष्कळदा ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी मनात येते की दोष मापाचा आहे, तिचा नव्हे.

अलीकडे इरकली आणि खण यांना पुन्हा मागणी आली आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी ते कापड थानाने विकले जाते, खणाची वीण यंत्रमागावर उतरली आहे, आणि त्याचे कुडते शिवले जातात. थानाला पदर नसतो, तेव्हा टोपतेणीचेही तेथे काम उरत नाही. तरीही शुद्ध सुताचे, दाट विणीचे थान पारखून घेऊन माहितगार शिंप्याकडे आपल्या मापाचे कपडे शिवून घेणाऱ्या चाळिशीच्या स्त्रिया मला हल्ली अधिक दिसतात. त्या खळ चोळून पाहतात, पन्हा विचारतात, शिवणीत चार बोटे कापड राखून ठेवावयास बजावून सांगतात. आणि अशा गिऱ्हाइकांसाठी काही दुकानदार पुन्हा साधा, बिनजरीचा, रोजच्या वापराचा हातमागाचा माल इरकल आणि महेश्वरहून मागवू लागले आहेत.