तेजी, मंदी आणि म्हातारपण: एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

1864 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 8,16,562 भरली. 1872 मध्ये ती 6,44,405 होती. या ओहोटीचे एक मोठे कारण कापसाच्या बाजारात सापडते. अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत उतरला आणि शेअरांत शिरला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. पुढे 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या सैन्याचा सेनापती जनरल ली याने शस्त्रे खाली ठेवली, यादवी संपत आली आणि कापसाचा भाव उतरला. 1 जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस उजाडला तेव्हा नावाजलेल्या पेढ्या बसल्या आणि प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही त्यातून सुटला नाही. दिनशा वाच्छा यांनी 1910 मध्ये या पर्वावर एक पुस्तकच लिहिले.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याला मी इथूनच सुरुवात करायला सांगतो. ताळेबंद, गुणोत्तरे, सेन्सेक्सचे आलेख सगळे यथावकाश येईल. आधी एवढेच पाहावे की युद्ध कधीतरी संपणार हे तेव्हा कुणापासून लपलेले नव्हते. तरीही इतरांच्या आधी आपण बाहेर पडू, असे ज्याला त्याला वाटत होते. माहिती सर्वांना होती, वागणे मात्र वेगळेच झाले. माहिती आणि वागणे यांच्यातली ही फट हाच आपला अभ्यासविषय.

या फटीला शास्त्रीय भाषा मिळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. 1979 मध्ये डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी ‘इकॉनॉमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. माणूस नफ्यातोट्याचे मोजमाप एकूण संपत्तीवरून करत नाही, मनात धरून ठेवलेल्या एखाद्या आकड्यावरून करतो. आणि तेवढ्याच रकमेच्या नफ्याने जितका आनंद होतो, त्याच्या सुमारे दुप्पट दुःख तोट्याने होते, असे त्यांच्या कामातून पुढे आले. कानेमन यांना 2002 मध्ये नोबेल मिळाले. ट्व्हर्स्की तोवर हयात नव्हते.

हे तत्त्व घरात आणून पाहा. तीनशेला घेतलेला शेअर दोनशेवर आला की आपण म्हणतो, ‘निदान मुद्दल तरी सुटू दे, मग विकू.’ ते तीनशे फक्त आपल्या डोक्यात असतात, बाजाराला त्यांची खबरही नसते. उलट चारशेवर गेलेला दुसरा शेअर आपण लगबगीने विकतो, नफा हातचा जाईल म्हणून. हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी 1985 मध्ये या खोडीला नाव दिले, आणि ती पुढे देशोदेशींच्या गुंतवणूकदारांत आढळली. अति हालचालीचेही तसेच. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या 66,465 कुटुंबांची 1991 ते 1996 मधली खाती तपासली. बाजाराने वर्षाला 17.9 टक्के दिले, पण सर्वांत जास्त सौदे करणाऱ्यांच्या पदरात पडले 11.4 टक्के. आपल्याकडे सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेला अहवाल तर फारच अस्वस्थ करतो: तीन वर्षांत शेअरांच्या वायदे आणि ऑप्शन बाजारात उतरलेल्या वैयक्तिक सौदेकरूंपैकी 93 टक्क्यांनी पैसे घालवले. त्यांत तरुण मुले किती आहेत हे पाहिले की या विषयाचा अभ्यास शाळेतच सुरू व्हावा असे मला मनापासून वाटते.

या क्षेत्राने माणसाच्या चुकांची यादी केली, एवढेच समजून परत फिरू नका. रिचर्ड थेलर यांनी मांडलेला ‘मनातल्या हिशेबांचा’ विचार आपल्या आज्यांना तोंडपाठ होता. डाळीच्या डब्यातले पैसे वेगळे, भिशीचे वेगळे, लेकीच्या लग्नाचे त्याहून वेगळे. रुपया सगळीकडे सारखाच, म्हणून काटेकोर अर्थशास्त्र याला चूक म्हणेल. मला ती चूक वाटत नाही. लग्नाच्या डब्याला हात लावायचा नाही, या संकोचानेच किती घरे तरली! पंधरा वर्षांची पीपीएफ आणि पगारातून परस्पर कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी हे त्याच डब्याचे सरकारी रूप आहे. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत असाच एक उपाय करून पाहिला. आज बचत वाढवा असे न म्हणता, पुढच्या पगारवाढीतला हिस्सा आपोआप बचतीत जाऊ द्या, एवढेच त्यांनी सुचवले. ज्यांनी ते मान्य केले त्यांची बचत चाळीस महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. हातात आलेले सोडवत नाही, न आलेले सोडवते. मनाचा जो दुबळेपणा बाजारात आपल्याला बुडवतो, त्याचेच कुंपण करून म्हातारपणाची राखण करता येते. मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

बाजाराच्या कलांबद्दल इथे थोडेच सांगतो. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंशांनी कोसळून 25,981 वर आला. त्याच वर्षाअखेर तो 47,751 वर होता. त्या मार्चमध्ये ही झेप कुणी छातीठोकपणे सांगू शकला नसता. कल ओळखता येतो तो बहुधा मागे वळून पाहताना.

निवृत्तीचा हिशेब मात्र इथेच मांडून पाहण्यासारखा आहे. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर किमती बारा वर्षांत दुप्पट होतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी 30,000 रुपयांत चालणाऱ्या घराला ब्याऐंशीव्या वर्षी महिना 1,20,000 लागतील. केवळ मुदत ठेवींवर विसंबणाऱ्याचा घास महागाई असा हळूहळू खाते. शेअरांवर विसंबणाऱ्याची भीती वेगळी. 8 जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला, 9 मार्च 2009 ला 8,160 वर, आणि 2010 च्या दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्यांत तो पुन्हा 21,000 पार गेला. नोकरीतल्या माणसाला हा चौतीस महिन्यांचा खड्डा पार करता आला, उलट त्याला स्वस्तात खरेदीही मिळाली. पण त्याच जानेवारीत निवृत्त होऊन 20 लाख रुपये शेअरांत ठेवणारा आणि महिना 15,000 काढणारा माणूस पाहा. त्याने 5 लाख 10 हजार काढले, म्हणजे जवळपास 15 लाख उरायला हवेत. उरतात त्याहून कितीतरी कमी, कारण पडत्या भावात तेवढ्याच पंधरा हजारांसाठी त्याला जास्त शेअर विकावे लागले. बाजार पूर्वपदावर आला तरी तो आला नाही. पडझड किती झाली यापेक्षा ती आयुष्यात केव्हा झाली, हा प्रश्न म्हणून मोठा ठरतो. मन, बाजार आणि निवृत्ती हे तीन विषय एकत्र शिकायचे ते यासाठी.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक काम करावे. घरातल्या निवृत्त माणसापाशी, आजोबा, मावशी, जे कोणी असेल त्यांच्यापाशी, पासबुके घेऊन बसावे. 2008 मध्ये किंवा 2020 मध्ये काय विकले, काय तसेच ठेवले, आणि त्या दिवशी मनात काय होते, हे विचारावे. मिळेल ते उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.