अजगरपालन (चेन्नई)

पायथॉनिडी कुलातील उष्णकटिबंधीय, निर्विष आणि भक्ष्याला विळख्यात आवळून मारणाऱ्या सर्पांचे घरात किंवा संस्थेत केलेले संगोपन. भारतात या संगोपनाला दोन निरनिराळे इतिहास असून ते दोन्ही चेन्नई शहरात एकमेकांपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी आढळतात : पहिला, गिंडी येथील सर्पोद्यानात लोकशिक्षण व शास्त्राभ्यास यांसाठी चाललेल्या पालनाचा, आणि दुसरा, मीनंबाक्कम येथील विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून उतरणाऱ्या परदेशी अजगरांचा. शरीरधर्माच्या दृष्टीने अजगर हा पाळण्यास सोपा प्राणी आहे. परंतु त्याचे दीर्घायुष्य आणि त्याच्याभोवती उभे राहिलेले कायद्याचे कुंपण यांमुळे हे पालन म्हणजे हौसेपेक्षा अनेक दशकांचा एक पत्करलेला भारच ठरतो.

जाती : तामिळनाडूच्या अरण्यांत व झुडुपांच्या प्रदेशांत आढळणारा भारतीय अजगर (पायथॉन मोल्युरस) लिनीअसने १७५८ मध्ये शास्त्रीय दप्तरी नोंदविला, तमिळमध्ये त्यास ‘मलैपांबु’ म्हणतात. त्याची लांबी सामान्यतः तीन मीटरच्या आसपास असते. त्याचाच निकटचा आप्त असलेला ब्रह्मी अजगर पूर्वी याच जातीची उपजाती समजला जाई. २००९ पासून त्यास स्वतंत्र जातीचे स्थान मिळाले. घरगुती हौसेत मात्र या दोहोंपेक्षा आफ्रिकेतील बॉल पायथॉनचे (पायथॉन रेजिअस; शॉ, १८०२) प्रस्थ अधिक आहे. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यातील हा सर्प पूर्ण वाढीनंतरही बहुधा सव्वा ते दीड मीटरच्या पलीकडे जात नाही, भय वाटताच मस्तक मध्ये घेऊन स्वतःचे चेंडूसारखे वेटोळे करतो आणि सहसा चावत नाही. या सौम्य स्वभावामुळे, तसेच बंदिवासातील निवडक पैदाशीतून निघालेल्या चित्रविचित्र रंगांच्या वाणांमुळे, जगभरच्या बाजारात त्यास मागणी आली.

शरीरधर्म : अजगर भक्ष्याचा पाठलाग करीत नाही, तो दबा धरून बसतो आणि ओठांवरील उष्णतासंवेदी खळग्यांच्या साहाय्याने उष्णरक्ताचे प्राणी अंधारातही हेरतो. दोन भोजनांमधील दीर्घ अवकाशात त्याचा देहव्यापार अत्यंत मंद असतो. परंतु मोठे भक्ष्य गिळल्यावर त्याच्या शरीरात असा खळबळाट उडतो की, ब्रह्मी अजगरावरील प्रयोगांत हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेले आढळून आले. अशा अवस्थेत त्यास हाताळले किंवा गारठ्यात ठेवले, तर तो घास ओकून टाकतो, आणि नवख्या पालकाची ही नेहमीची चूक होय. उलटपक्षी, सुदृढ बॉल पायथॉनने कित्येक महिने अन्नास तोंड न लावणे ही असामान्य घटना नव्हे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत अजगराची गणना केली आहे आणि एकनाथमहाराजांच्या भाष्यामुळे तो गुरू मराठी श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. जे आपोआप प्राप्त होईल त्यावर निर्वाह करून एरवी निश्चल राहण्याचा जो गुण तेथे वैराग्याचा आदर्श म्हणून सांगितला, त्यास प्राणिशास्त्रातही असा भक्कम आधार आहे.

मादी अंडी घालून त्यांभोवती वेटोळे करून बसते. भारतीय अजगराची मादी तर स्नायूंचे सतत आकुंचन करून स्वतःच्या देहाची उष्णता वाढविते व अंडी उबविते, हे सर्पवर्गातील विरळ वैशिष्ट्य आहे. आयुर्मर्यादेविषयी अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका बॉल पायथॉन मादीचा दाखला उद्बोधक आहे : वीस वर्षांहून अधिक काळ नराचा सहवास नसताना, वयाच्या साठीनंतर, २०२० मध्ये तिने सात अंडी घातली. तरुणपणी हौसेने घरी आणलेला प्राणी पालकाच्या वार्धक्यातही सोबत असू शकतो, हा या घटनेचा व्यावहारिक अर्थ.

चेन्नईतील संगोपन : थंड देशांतील पालनविषयक ग्रंथांचा बहुतेक भाग पेटी तापविण्याच्या उपायांनी व्यापलेला असतो. चेन्नईत, जेथे हिवाळ्यातील रात्रीचे तापमानही साधारणतः २० अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही आणि मे महिन्यात दिवसाचा पारा ४० अंशांना टेकतो, तेथे चिंता नेमकी विरुद्ध दिशेची असते. पेटीचा एक भाग ३२ अंशांच्या आसपास आणि दुसरा २६ अंशांच्या आसपास राखून सर्पास आपली जागा आपण निवडता यावी, हा सर्वमान्य नियम आहे. तेव्हा उन्हाळ्यात बंद खोलीतील काचेची पेटी, खिडकीतून येणारे ऊन आणि खंडित होणारी वीज यांच्या संयोगाने तो भाजून निघणार नाही, याची तजवीज आधी करावी लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात हवा कोंदट झाली म्हणजे ओलसर बिछायतीवर बुरशी धरते व पोटाखालचे खवले कुजू लागतात. याच्या उलट, वातानुकूलित खोलीतील कोरड्या हवेत कात सबंध न उतरता तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरील पटल मागे राहते. अंग पूर्ण बुडेल एवढे पाण्याचे भांडे, दडून बसण्यासाठी दोन अंधाऱ्या जागा आणि घट्ट मिटणारे झाकण, एवढा सरंजाम आवश्यक समजावा. आहार म्हणजे उंदीर, तोही सर्पाच्या देहाच्या जाडीएवढाच. तो गोठवून ठेवलेला व नंतर कोमट केलेला असावा, कारण जिवंत उंदीर कोंडला असता तोच सर्पाला कुरतडल्याची उदाहरणे आहेत.

नव्याने आणलेला सर्प इतरांपासून अनेक आठवडे वेगळा ठेवतात. खवल्यांत दडणारे रक्तशोषक माइट, श्वासमार्गाचे विकार, २०१४ मध्ये बॉल पायथॉनमध्ये ओळखले गेलेले निडोव्हायरस आणि मज्जासंस्था ग्रासणारा समावेशकाय रोग, हे त्याचे मुख्य शत्रू होत. अनेक सरीसृप बाह्यतः निरोगी असूनही साल्मोनेला जंतू बाळगतात. म्हणून हाताळणीनंतर साबणाने हात धुणे आणि लहान मुलांस दूर ठेवणे अगत्याचे आहे.

कायदा : भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून त्यास खाजगी घरात पाळण्याची मुभा नाही. तो पकडणे हीच कायद्याच्या लेखी शिकार होय. शिकार केलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि अपराध सिद्ध झाल्यास तीन ते सात वर्षांची कैद व किमान २५,००० रुपये दंड होतो. परदेशी जातींविषयी बराच काळ देशात स्पष्ट कायदाच नव्हता. आयातीचा मार्ग बंदिस्त असला तरी एकदा घरात आलेल्या बॉल पायथॉनबद्दल मालकास कोणी जाब विचारीत नसे. या पोकळीचा लाभ व्यापाऱ्यांनी घेतला. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करण्याचे आवाहन केले. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने, जिचा अंमल १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाला, वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातील जातींसाठी चौथी अनुसूची निर्माण केली. आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्या बाळगणाऱ्यास सहा महिन्यांची मुदत देऊन राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी सक्तीची केली. जन्म, मृत्यू व हस्तांतर यांचीही वर्दी द्यावी लागते.

कायद्याचा हा पसारा का वाढला, याचे उत्तर चेन्नईच्या सीमाशुल्क खात्याच्या दप्तरात सापडते. जानेवारी २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या बेवारशी सामानात ४५ बॉल पायथॉन, तसेच मार्मोसेट माकडे, कासवे व कॉर्न स्नेक आढळले. ते प्राणी थायलंडला परत पाठविण्यात आले. पिशव्यांत कोंबून आणलेल्या सर्पांपैकी कित्येक वाटेतच दगावतात, आणि जे जगतात त्यांच्याबरोबर वर सांगितलेले रोगही शहरात शिरतात.

संस्था : मद्रासने १८५५ मध्येच एडवर्ड बाल्फोर यांच्या प्रयत्नाने प्राणिसंग्रहालय स्थापिले, त्याचा वारसा १९८५ मध्ये खुल्या झालेल्या वंडलूर येथील उद्यानाकडे आला. सर्पपालनाला मात्र शास्त्रीय शिस्त लावली ती रोम्युलस व्हिटेकर यांनी. कोडाइकनालच्या शाळेत खाटेखाली अजगर बाळगणारा हा विद्यार्थी पुढे मायामीच्या सर्पालयात काम शिकून परतला, १९६९ मध्ये मद्रासबाहेर सेलैयूर येथे त्याने सर्पोद्यान काढले आणि १९७२ मध्ये ते गिंडीस हलविले. सापांची केवळ भीती असणाऱ्या नगरवासीयांपुढे अजगर प्रत्यक्ष ठेवणे, हे या उद्यानाचे मोठे कार्य होय. महाराष्ट्रात पुण्याच्या कात्रज येथे नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये उभारलेले सर्पोद्यान याच विचारधारेतील आहे. व्हिटेकर यांचे कार्य ज्यांच्या साप पकडण्याच्या विद्येवर उभे राहिले ते इरुळ आदिवासी; त्यांची उपजीविका असलेला सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाल्यावर त्यांची सहकारी संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली व विषारी सापांचे विष काढून देणे हा त्यांचा नवा उद्योग बनला.

परिणाम : सोडून दिलेल्या अजगराने काय होते, याची साक्ष फ्लोरिडा देते. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तेथील एव्हरग्लेड्स दलदलीत पोहोचलेले ब्रह्मी अजगर स्थानिक सस्तन प्राण्यांचा फडशा पाडू लागले, तेव्हा त्यांना हुडकण्यासाठी २०१७ मध्ये चेन्नईच्या परिसरातील मासी सदैयन व वडिवेल गोपाल या दोन इरुळ जाणकारांना पाचारण करावे लागले. २०२३ मध्ये या दोघांना पद्मश्री मिळाली. हाच धडा चेन्नईच्या पालकास लागू आहे. कंटाळा आला, घर बदलले किंवा पालक निवर्तला, तरी परदेशी अजगर गिंडीच्या झाडीत अथवा तळ्याकाठी सोडता येत नाही. त्याची रीतसर नोंद हवी, पुढचा सांभाळ करणारा इसम आधीच ठरलेला हवा, आणि तशी सोय नसेल तर तो प्राणी मुळात घरी आणू नये.