डोंगराआडचे दूरदर्शन

महाडात इतिहासावर बोलावयाचे म्हटले, की श्रोते रायगडाची किंवा चवदार तळ्याची अपेक्षा करतात. पोलादपुरात बोलावयाचे तर उमरठची आणि प्रतापगडाची. आज माझा विषय यांपैकी एकही नाही, त्यामुळे काहींचा विरस होईल. मी बोलणार आहे घराच्या छपरावरच्या छत्रीविषयी. ही छत्री पाऊस अडवीत नाही. उलट पाऊस आला की तीच आंधळी होते. सरकारी, म्हणजे तुमच्या-आमच्या मालकीची वाहिनी या छत्रीतून घरात येते खरी, पण भारताचा क्रिकेटचा सामना त्या वाहिनीवर आहे असे ऐकून आपण यंत्र लावावे, तर तेथे भलताच कार्यक्रम चालू असतो. हा अनुभव येथील पुष्कळांना आला असेल. शेजारच्या घरी मात्र तीच वाहिनी तोच सामना दाखवीत असते. असे का व्हावे, याचा उलगडा छत्री बसवून देणाऱ्या दुकानदारापाशी नाही. तो शोधण्यास इतिहासातच शिरावे लागते, आणि तो इतिहास आपल्या डोंगरांपासून सुरू होतो.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंचीचा. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे; एवढ्या उंचीच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर साधारणपणे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गेली, की जमीन तिच्याखालून निसटते. महाड मुंबईपासून सरळ अंतराने १२० किलोमीटरच्या घरात. तेव्हा मुंबईकडून आशा नव्हतीच. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, सिंहगडावर सहक्षेपक उभा राहिला आणि पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. सिंहगड महाडपासून सरळ अंतराने पुरता पन्नास किलोमीटरही नाही. परंतु या पन्नास किलोमीटरांत तोरण्या-राजगडाचा डोंगराळ मुलूख आणि सह्याद्रीची मुख्य रांग आहे, आणि रांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर, सावित्री-गांधारीच्या खोलगटात महाड बसले आहे. म्हणजे भिंतीच्या पलीकडे दिवा लावावा आणि अलीकडे अंधार राहावा, तसा प्रकार. उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली सिंहगडाचा कडा चढून गड घेतला; त्या गडावरून निघालेले चित्र मात्र उमरठपर्यंत उतरण्याचा मार्ग तीनशे वर्षांनंतरही नव्हता. हा केवळ योगायोग. पण येथील माणसाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

या अंधाराची तक्रार तेव्हा कोणी फारशी केली नाही. दूरचित्रवाणी ही शहरातली चैन मानली जाई, आणि आपल्याकडचा कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत वा गोदीत; त्याने चाळीतल्या कोणाकडे ती पाहावी आणि गणपतीला गावी आल्यावर तिचे वर्णन करावे. आकाशातून चित्र खेड्यात उतरविण्याचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत संच बसविले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१ ब हा आपला उपग्रह गेला आणि १९८४ साली काही महिने देशात जवळजवळ रोज एक या वेगाने कमी शक्तीचे सहक्षेपक उभे राहिले. यांची मजल पंधरा-वीस किलोमीटर, तीही सपाटीवर. डोंगराळ मुलखात वळणापलीकडच्या वाडीला मुंग्याच मुंग्या.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. हे छोटे सहक्षेपक सुरुवातीच्या काळात उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उचलून तोच पुढे पाठवीत. म्हणजे गावाला हिंदीतून दिल्ली आधी दिसली, मराठीतून मुंबई मागाहून. ‘स्थानिक वाहिनी’ हा शब्द आज सहज वापरला जातो. पण आपल्या जवळचे चित्र आपल्याला सर्वांत शेवटी मिळावे, ही रीत तेव्हापासूनची आहे. उपग्रहावरून सबंध राज्यासाठी मराठी वाहिनी १९९४ साली सुरू झाली. तीच पुढे ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या पर्वताने लहरी अडविल्या, त्याचेच नाव वाहिनीला मिळाले, हेही मौजेचे.

१९९१ नंतर केबल आली. दरीतल्या गावाला ती मानवली, आणि त्याचे कारण साधे आहे: एका गच्चीवर मोठी तबकडी, तेथून गल्लोगल्ली तार. डोंगर कितीही उंच असो, तारेला त्याचे काय! केबलवाल्याने आपली खाजगी वाहिनीही चालवावी, तीत गावचा पालखीसोहळा, शाळेचे संमेलन, बाजारपेठेच्या जाहिराती दाखवाव्यात, असे लहान गावांतून सर्वत्र झाले. खऱ्या अर्थाने स्थानिक म्हणावी अशी वाहिनी ती एवढीच. १९९५ च्या केबल कायद्याने प्रत्येक केबलवाल्यावर दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखविण्याचे बंधन घातले. २००० सालच्या दुरुस्तीने त्यांत राज्याच्या भाषेतील वाहिनी आली आणि त्या ठळक दिसतील अशाच जागी ठेवाव्यात असे ठरले. हे बंधन योग्य होते. सार्वजनिक वाहिनी कोठेतरी कोपऱ्यात, मुंग्यांच्या गर्दीत टाकून देण्याची युक्ती व्यापाऱ्याला सुचणारच.

याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या विषयातील मूळ निर्णय दिला. प्रसंग १९९३ च्या हीरो चषकाचा. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीस विकले, दूरदर्शनने हरकत घेतली, कंपनीची यंत्रसामग्री जकात खात्याने अडकवून ठेवली, आणि भांडण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीस गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी मुख्य निकालपत्र लिहिले. त्याचे सार असे, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारचीही मिरास नव्हे आणि पैसेवाल्याचीही नव्हे. तिचा उपयोग जनहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली व्हावा.

सार्वजनिक मालमत्ता, हा शब्द महाडच्या माणसाच्या कानी पडला की त्याला काय आठवते, हे निराळे सांगावयास नको. बोले ठराव १९२३ सालचा, महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालचा. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयातील वाद १९३७ पर्यंत चालला. येथे मी तुलना ताणणार नाही. तेथे माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न होता. सामना दिसणे न दिसणे त्यापुढे क्षुल्लक आहे, आणि दोन्ही एका तागडीत घालणाऱ्याला या गावाने हसावे. तथापि मालकी सर्वांची असल्याचे जाहीर होणे वेगळे आणि प्रत्येकाच्या हाताला ती वस्तू लागणे वेगळे, हे ज्या गावाला पुस्तकातून शिकावे लागले नाही, त्या गावात हा विषय अधिक लवकर समजेल एवढेच माझे म्हणणे.

छपरावरची छत्री आली ती २००३ च्या ऑक्टोबरात, खाजगी कंपनीकडून. दूरदर्शनची स्वतःची सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. तीच आजची ‘फ्री डिश’. एकदा छत्री आणि पेटी विकत घेतली की महिन्याचे काही देणे नाही. या वेळी मात्र डोंगराने वाट दिली. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर दिसतो. फ्री डिशचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, महाडच्या छपरावरून पाहिले तर आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर. आग्नेयेस महाबळेश्वरचे पठार आहे खरे, परंतु ५८ अंशांपर्यंत डोके काढील असा डोंगर अगदी कड्याला पाठ लावून बसलेल्या घरावाचून कोणास आडवा येत नाही. सिंहगडाहून जे जमले नाही ते आकाशातून जमले. पाऊस तेवढा शत्रू उरला. या सेवेची लहर सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची. जुलैतला आपला पाऊस तिला वाटेतच गिळतो. केबलवाल्याच्या थोराड तबकडीला मिळणारी लहर त्याहून तिप्पट लांब असे, म्हणून तिचे पावसात निभावे. गावची ती वाहिनी मात्र छत्रीवाल्यांच्या घरातून गेली. सबंध देशावर पडणाऱ्या झोतातील महागडी जागा एका तालुक्याच्या पालखीसाठी कोण देणार?

आता माणसाने घातलेला अडथळा. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला होता. हक्कदार कंपनी दूरदर्शनला थेट चित्र देईना. दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटे उशिराने दाखविण्याची तडजोड सुचविली. सात मिनिटे मागे असलेला सामना म्हणजे शेजाऱ्याने शेवट सांगून टाकलेली रहस्यकथा! २ फेब्रुवारीस सरकारने अध्यादेश काढला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचे थेट चित्र, जाहिराती वगळून, प्रसार भारतीस द्यावे. दूरदर्शनच्या जाहिरात-उत्पन्नातून हक्कदारास ७५ आणि प्रसार भारतीस २५ टक्के. हे चित्र प्रसार भारतीने दाखवावयाचे कोठे? तर ‘आपल्या’ भूप्रक्षेपणावर आणि ‘आपल्या’ छत्रीसेवेवर.

‘आपल्या’ या एका शब्दावर पुढची दहा वर्षे गेली. केबल कायदा सांगे, दूरदर्शनची वाहिनी दाखविलीच पाहिजे. मग त्या वाहिनीवर सामना असला तर तोही ओघाने केबलवर आणि खाजगी छत्रीवर दिसणार. हक्कदार म्हणू लागले, की आम्ही कोट्यवधी मोजून घेतलेला माल आमच्याच गिऱ्हाइकाला फुकट मिळू लागला, तर आमची वाहिनी पैसे देऊन कोण घेईल? हा युक्तिवाद टाकाऊ नव्हता. २०१८ च्या एप्रिलमध्ये भारतातील सामन्यांचे पाच वर्षांचे हक्क ६,१३८.१ कोटी रुपयांस गेले, यावरून त्यांच्या चिंतेचे माप कळेल. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती रंजन गोगोई व नवीन सिन्हा यांनी तो कायम केला: मिळालेले चित्र प्रसार भारतीच्या स्वतःच्या जाळ्यापुरतेच, केबल कायद्याच्या आधारे ते इतरांकडे जाणार नाही. शब्दार्थ पाहता निकाल सरळ आहे. माझ्या मते दोष न्यायाधीशांचा नव्हे, कायदा लिहिणाऱ्यांचा आहे. २००७ साली केबल देशभर पसरली होती आणि खाजगी छत्री येऊन तीन वर्षे उलटली होती. तरी त्यांनी ‘आपल्या’ लिहिले. २०१८ मध्ये सरकारने दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला, तो याच उणिवेची कबुली होय.

यात एचडीची भर पडली. साध्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. एचडीत १,९२० आणि १,०८०, म्हणजे पाचपट ठिपके. दूरदर्शनच्या एचडी प्रक्षेपणास आरंभ झाला तो २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी. परंतु फ्री डिशच्या बहुतेक घरांतील पेट्या जुन्या धाटणीच्या, एचडीची नवी भाषा त्यांना वाचता येत नाही. तेथे सामना फुकट, पण चेंडू धूसर. एचडीत पाहावयाचा तर खाजगी कंपनीची छत्री आणि हक्कदाराची महागडी वाहिनी. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांत तर एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी मोजली गेली. मधला गिऱ्हाईक, ज्याने खाजगी छत्री घेतली पण खेळाचे जादा पैसे भरले नाहीत, तो दोन्हीकडून गेला: दूरदर्शन त्याच्या घरी स्वच्छ दिसते, आणि सामन्याच्या दिवशी दुसरे काही दाखविते.

अमेरिकेने याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहिले. तेथे १९८८ च्या कायद्याने ‘सेवा न पोहोचणारे घर’ अशी व्याख्याच केली: छपरावरच्या साध्या अँटेनाने ज्या घरास पुरेसे चित्र मिळत नाही, त्यालाच उपग्रहावरून दूरच्या गावची वाहिनी घेण्याची मुभा. १९९९ साली स्थानिक वाहिन्या त्यांच्याच भागात उपग्रहावरून देण्याची परवानगी मिळाली. आणि २००८ चा नियम असा, की एखाद्या भागातील एक वाहिनी एचडीत दिली तर तेथील इतर एचडी वाहिन्यांनाही टप्प्याटप्प्याने तीच वागणूक द्यावी. त्यातही कटकटी पुष्कळ झाल्या. पण घर डोंगराआड आहे की नाही, हे तेथे कायद्याने विचारले. आपल्या कायद्याने विचारले ते एवढेच, की छत्री कोणाची?

२०२२ च्या मार्चअखेर दूरदर्शनने मोजकी ठाणी वगळता जुने भूप्रक्षेपण बंद केले. मुंबईसारख्या काही शहरांत नवे डिजिटल प्रक्षेपण होते. दरीतल्या गावापुरते कायद्यातील दोन ‘आपल्या’ मार्गांपैकी एकच शिल्लक राहिला. ज्यांना परवडते ते आता छपरावर दोन छत्र्या लावतात, एक कंपनीची आणि एक सरकारी. दोहोंची तोंडे आग्नेयेस, महाबळेश्वराच्या डोक्यावरून. सामन्याच्या दिवशी घरातला पोरगा संचामागे हात घालून एका पेटीची तार काढतो आणि दुसरीची लावतो.