चौथ्या वर्गाचीं घरें

एखाद्या मुलखांतील गरिबांस किती घरें हवीं आहेत, हें ठरविण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे राहण्यास अयोग्य अशीं घरें मोजणें. ही मोजदाद अचूक असूनहि केवढी फसवी ठरूं शकते, याचा दाखला आयर्लंडच्या इतिहासांत आहे.

१८४१ सालीं आयर्लंड हा बव्हंशीं खेड्यांचा देश होता. त्या वर्षींची तेथील खानेसुमारी त्या काळच्या मानानें फार कसोशीनें झाली. तिच्या तीन आयुक्तांपैकीं थॉमस लार्कम हे एक होत. माणसांबरोबर घरेंहि मोजण्यांत आलीं आणि खोल्यांची संख्या, खिडक्या व बांधकामाचा टिकाऊपणा पाहून त्यांचे चार वर्ग पाडण्यांत आले. एकाच खोलीचें मातीचें खोपट तें चौथ्या वर्गाचें. (भारतांतील २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेंतहि कच्च्या भिंतींची व कच्च्या छपराची एकच खोली ही ग्रामीण दारिद्र्याची एक खूण मानली होती.) आयुक्तांची दृष्टि केवळ भिंतींवर नव्हती. पहिल्या वर्गाच्या घरांत सहा किंवा अधिक कुटुंबें दाटीनें राहत असतील, तर त्यांचें राहणें चौथ्या वर्गाचेंच समजलें जाई. घर चांगलें म्हणून निवारा चांगला, असें त्यांनीं मानलें नाहीं, ही गोष्ट वाखाणण्यासारखी आहे.

वसतीच्या सुमारें १३ लक्ष २८ हजार घरांपैकीं ४,९१,२७८ घरें या चौथ्या वर्गांत निघालीं. म्हणजे शेंकडा सदतीस! दहा वर्षांनीं, १८५१ सालीं, पुन्हां मोजणी झाली, तेव्हां तोच आंकडा १,३५,५८९ वर आला होता. कागद पाहणारास वाटावें कीं, साडेतीन लक्षांहून अधिक कुटुंबांस या अवधींत नवीं घरें मिळालीं.

तसें कांहींच घडलें नव्हतें. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि खोपटांतून राहणारा शेतमजूर ज्या एका पिकावर जगत होता तेंच कुजून गेलें. सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं. त्याहून अधिक समुद्रापार गेलीं. कायद्यानेंहि हातभार लावला. चार पौंड किंवा त्याहून कमी आकाराच्या जमिनीवरील गरीबपट्टी जमीनदारास भरावी लागे. तेव्हां असें कूळ उठविण्यांतच त्याचा लाभ होता. १८४७ च्या कायद्यानें पाव एकराहून अधिक जमीन धरणारास सरकारी मदत बंद झाली. पोटासाठीं जमीन सोडावी, तर पुष्कळदां तिच्याबरोबर छप्परहि जाई. कूळ परत येऊं नये म्हणून तें मोडून टाकीत. घरांची गरज भागली नव्हती. गरजवंतच यादींतून नाहींसे झाले होते.

पुढें १८८३ सालीं शेतमजुरांच्या घरांचा कायदा झाला. आतां गरज ठरवावयाची ती गांवोगांव. परंतु ठरवावयाची कोणीं? बारा करदात्यांनीं सही करून स्थानिक मंडळाकडे अर्ज करावा, अशी योजना होती. करदाते म्हणजे बहुधा शेतकरी. मजूर त्यांचाच आणि घराचा कर बसणार तोहि त्यांच्यावरच! हे बाराजण उत्साहानें पुढें आले नाहींत, यांत नवल नाहीं. शिवाय स्वतःचा जमिनीचा तुकडा असलेला मजूर धन्याच्या तितका मुठींत राहत नाहीं, आणि या घराबरोबर तर अर्धा एकर जमीन द्यावयाची होती. १८९२ सालीं ती मर्यादा एक एकरावर गेली.

हें काम खरें वेगानें चाललें तें १९०६ च्या कायद्यानंतर. त्या वर्षीं साडेबेचाळीस लक्ष पौंडांची तरतूद झाली व परतफेडीचा कांहीं भार सरकारी तिजोरीनें उचलला. स्थानिक करदात्यांच्या विरोधाची धार त्यामुळें बोथट झाली. १९१४ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक घरें उभीं राहिलीं. चुनागच्चीच्या भिंती, स्वयंपाकाची वेगळी खोली, निजण्याच्या खोल्या आणि मागें बटाट्याचा वाफा, असें त्यांचें सर्वसाधारण रूप होतें. त्यांतील कित्येकांत अजूनहि लोक राहत आहेत.