थकबाकी, नळ आणि एक इफ-एल्स

मागच्या वर्षी पाणीपट्टी बिलिंगच्या एका प्रोजेक्टवर होतो. थकबाकीचं मॉड्यूल माझ्या गळ्यात. आधी नोटीस, मग मुदत, मग ग्राहकाचं म्हणणं ऐकायचं आणि शेवटी नळ तोडायचा. डेमोला एक साहेब म्हणाले, "एवढं लफडं कशाला? प्रीपेड मीटर बसवा, थकबाकीच होणार नाही." मला ते पटलं. घरी येऊन सहज शोधत बसलो आणि थेट जोहान्सबर्गला पोचलो.

तिथल्या सोवेटोत 1986 साली लोकांनी घरभाडं आणि सेवांचे पैसे भरायचं बंद केलं. वर्णभेदी राजवटीच्या नगर परिषदांना पैसा द्यायचा नाही, हा सरळ बहिष्कार होता. म्हणजे थकबाकी ही चळवळ होती! 1994 साली राजवट बदलली, पण भरणा काही सुरळीत झाला नाही.

त्याला कारणंही होती बरं का. घरोघरी मीटरच नव्हते. दरमहा 20 हजार लिटर पाणी वापरलं असं धरून सरसकट बिल यायचं, आणि प्रत्यक्षात घरटी सुमारे 67 हजार लिटर जायचं. त्यातलं बरंचसं 1940-50च्या दशकांतल्या गंजलेल्या पाइपांतून गळायचं. शहराच्या पाणी कंपनीचं पाव ते एक तृतीयांश पाणी सोवेटोत जाई, उत्पन्न मात्र 1 टक्का.

मग 2004 साली सोवेटोतल्या फिरी भागात प्रीपेड मीटर बसू लागले. घरटी महिन्याला 6 हजार लिटर मोफत. संपलं की पैसे भरा, नाहीतर पुढच्या महिन्यापर्यंत नळ कोरडा. आता हिशोब करा: घरात 8 माणसं असतील तर माणशी रोज 25 लिटर. 20 असतील तर 10!

रहिवासी कोर्टात गेले. हाच तो प्रसिद्ध माझिबुको खटला. 2008 साली हायकोर्ट म्हणालं, हे बेकायदा आहे. सधन वस्तीत बिल थकलं तर नोटीस येते, मुदत मिळते. फिरीत मीटर न विचारता पाणी तोडतो. पण ऑक्टोबर 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या मते हे पाणी तोडणं नव्हे, तात्पुरतं थांबणं. तरी रहिवासी अगदीच हरले असं नाही. खटला चालू असतानाच शहराने गरीब म्हणून नोंदलेल्या घरांचं मोफत पाणी वाढवलं होतं.

कायद्याचं मला फारसं कळत नाही, पण कोड कळतो. शिल्लक शून्य झाली की व्हॉल्व्ह बंद, एवढी एकच ओळ. माझ्या मॉड्यूलमधल्या मधल्या सगळ्या पायऱ्या तिथे गायब. थकबाकी खरंच होत नाही, कारण उधारीच राहत नाही. पण "साहेब, घरात आजारी माणूस आहे, आठ दिवस द्या" असं सांगायला समोर कुणी उरतही नाही. वर त्या थकबाकीत गळक्या पाइपांचा वाटा किती, हा हिशोब त्या ओळीला येतच नाही.

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर "ग्राहकाचं म्हणणं" हा स्टेटस मी काढला नाही. उलट त्याला एक रिकामी चौकट जोडली, कारण लिहायला. टेस्टिंगवाला वैतागला, पण राहू दिलीय.